होडीला ऊन बाधतं

प्लास्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, चिंचोळी होडी, विकणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो: "हिला मेंटेनन्स शून्य." लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, फायबरला तडे जातात, प्लास्टिकला काही म्हणून होत नाही. आम्ही नवराबायकोने आमची नारिंगी, दोघांना बसता येईल अशी कयाक घेतली तेव्हा हेच ऐकलं होतं. पाऊण वाक्य खरं निघालं. हिला रंग लागत नाही, तेलपाणी लागत नाही, खाऱ्या पाण्याने हिचं काही बिघडत नाही. उरलेल्या पाव वाक्यापायी मात्र घरातलं एक माणूस वर्षभर कामाला लागतं, आणि आमच्या घरात ते माणूस मी.

आमचं घर मालवणजवळ, कालावल खाडीच्या बाजूला. गड नदी इथे समुद्राला मिळण्याआधी पसरते, वळणं घेते, मधे मधे जुवे, म्हणजे छोटी बेटं, सोडते, आणि तळाशीलच्या वाळूच्या पट्ट्याला वळसा घालून बाहेर पडते. कांदळवनाच्या चिंचोळ्या वाटांतून हलकी होडी घेऊन आवाज न करता फिरावं, असं हे पाणी. शेजारचे तात्या जन्मभर मासेमारी केलेले. मी पहिल्यांदा कयाक उलटी घालून फडक्याने पुसायला बसले, तेव्हा ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय गो बाय, बादलीक कोण पालिस करता?"

त्यांचं हसणं रास्त होतं. त्यांच्या लहानपणीच्या उलांडीच्या (तोल राखायला बाजूला ओंडका बांधलेल्या) होड्या आंब्याफणसाच्या लाकडाच्या. पावसाळ्याआधी त्या वर ओढायच्या, घासायच्या, सुकवायच्या, सांधे तपासायचे, फटीत कापूस ठासायचा, मग माशाचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं, वर झापांचं छप्पर घालायचं. तेलाचा वास चार घरं ओलांडून जायचा म्हणे. या सगळ्याला तिथी होती, माणसं होती, शिव्या होत्या. आजही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो, म्हणजे होडीच्या वर्षाचा सांगाडा तसाच आहे. आमची कयाक या पंचांगात कुठेच बसत नाही. तिला कोणी कधी ओढा, कधी सोडा. तात्यांनी दोन हंगाम तिच्याकडे बघून एकदा निकाल दिला: "लाकूड बोंब मारता. ह्या गप रवता." लाकडी होडीचं काही बिनसलं की ती पाणी घेते, करकरते, वास मारते. प्लास्टिक वर्षानुवर्षं काही बोलत नाही आणि मग एके दिवशी वल्हं मारता मारता बुडाला चीर जाते.

ही चीर पडायला सुरुवात होते ती पाण्यात नव्हे, काठावर. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळा तपशील.

बहुतेक प्लास्टिकच्या कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि ज्या रीतीने आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी बनते, त्याच रीतीने बनतात. धातूच्या पोकळ साच्यात पॉलिथिलीनची भुकटी घालायची, साचा बंद करून अडीचशे-तीनशे अंशांच्या भट्टीत दोन्ही अंगांनी फिरवत ठेवायचा. भुकटी वितळून साच्याच्या आतल्या भिंतीला थर धरते, साचा थंड झाला की अख्खी होडी एका तुकड्यात बाहेर. कुठे सांधा नाही, खिळा नाही. भिंतीची जाडी पाच-सहा मिलिमीटर. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून होडीचा तुकडा कापून टाकला तरी तो तरंगतो. दगडावर आपटली तर ती फुटत नाही, दबते आणि परत येते. फायबरच्या होडीला हे जमत नाही.

आता टाकी आणि कयाक यांतला फरक बघा. आपल्याकडच्या टाक्या वर्षानुवर्षं काळ्याच दिसत आल्या, त्याचं कारण त्यात मिसळलेली काजळी, कार्बन ब्लॅक. सूर्याचे अतिनील किरण अडवण्यात तिच्याइतका स्वस्त आणि पक्का पदार्थ दुसरा नाही. पण काळी कयाक कोण घेणार? उन्हात बुड भाजेल आणि पाण्यात लांबून दिसणार नाही. म्हणून कयाक नारिंगी, पिवळ्या, पोपटी. त्यांना वाचवायला कारखाना भुकटीत वेगळी रसायनं घालतो. ती उन्हाशी लढतात आणि लढता लढता हळूहळू संपतात. ऊन पॉलिथिलीनच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांवर घाव घालतं, हवेतला प्राणवायू त्या घावात शिरतो, साखळ्या तुकड्या-तुकड्यांनी तुटतात. उष्णतेने हे काम आणखी वेगात होतं. बाहेरून आपल्याला दिसतं ते एवढंच की रंग उतरला, हात फिरवला तर पांढरट भुकटी लागली. तोवर आतलं लवचिकपण गेलेलं असतं.

तासभर पाण्यात फिरण्याने हे होत नाही. फिरून आल्यावर माडाखाली 'नंतर उचलू' म्हणून सोडलेली होडी दुपारभर, मग आठवडाभर, मग सगळा एप्रिल-मे तिथेच पडून राहते, त्याने होतं. समुद्रकिनाऱ्यांवर भाड्याने कयाक देणाऱ्यांकडे ओळीने मांडलेल्या होड्या बघा. वरची बाजू फिक्की, पोटाखालची अजून झगमगीत. माडाच्या सावलीवर माझा विश्वास नाही. ती सकाळी एकीकडे असते, दुपारी दुसरीकडे, आणि शिवाय वरून नारळ पडतो.

बाजारात फवारायची औषधं मिळतात, उन्हाचं कवच म्हणून. लावावीत. धुऊन, पूर्ण सुकवून, फडक्याने पातळ थर. काही महिन्यांनी पुन्हा. पण माझा अनुभव असा, की पाचशे रुपयांच्या बाटलीपेक्षा मांगरातली (घराबाजूच्या शेडमधली) फुकट जागा होडीला जास्त वर्षं देते. काही जण खोबरेल चोपडतात. होडी दोन दिवस नव्यासारखी चमकते, मग त्यावर धूळ बसून चिकट काळा राप चढतो, आणि उन्हाला त्याचं सोयरसुतक नाही.

आता धुण्याकडे वळते. इथे बायकांना जास्त शिकवावं लागत नाही, पुरुष मात्र लगेच तारेची घासणी काढतात. प्लास्टिकला तारेची घासणी लावायची नाही, थिनर लावायचं नाही, भांडी घासायची पूड लावायची नाही. खरखरीत पृष्ठभागात पुढच्या वेळी चिखल अधिक घट्ट बसतो. मऊ ब्रश, भांड्यांच्या साबणाचं पाणी, आणि थोडी सबुरी, बस. खाऱ्या पाण्याने प्लास्टिकचं बिघडत नाही हे खरं, पण होडीत प्लास्टिकखेरीज पुष्कळ काही असतं: स्क्रू, पितळी इन्सर्ट, बकलं, लवचिक दोऱ्या, झाकणाचं रबर, सीटची कापडं. मीठ सुकलं की त्याचे कण या सगळ्यांत जाऊन बसतात आणि हालचालीबरोबर घासत राहतात.

सगळ्यात आधी धुवायचं ते वल्हं, होडी नव्हे. दोन तुकड्यांत सुटणारं ॲल्युमिनियमचं वल्हं असेल तर घरी आल्या आल्या सोडवायचं, सांध्यात गोडं पाणी ओतायचं आणि तुकडे वेगवेगळे ठेवायचे. जोडलेलं तसंच ठेवलं तर आत अडकलेली वाळू आणि मीठ मिळून असं धरून बसतात, की दोन धट्टेकट्टे माणसं दोन्ही टोकांना लोंबकळली तरी तुकडे हलत नाहीत. मग गरम पाणी, साबण, आणि घरातल्या सर्वांचे सल्ले.

गोड्या पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. ज्या मे महिन्यात होडी सगळ्यात जास्त वापरली जाते, त्याच महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागतो. रहाटाला पाणी मोजून लागतं तेव्हा होडीवर पाइप सोडून उभं राहणं मला शोभत नाही. एक बादली, एक पंचा. आधी खाडीच्याच पाण्यात चिखल पूर्ण उतरवायचा, मग घरी कपड्यांच्या शेवटच्या खळबळीचं पाणी, शेवटी लोखंडी-पितळी भागांवर तेवढे दोन तांबे चांगलं पाणी. होडी चकाकत नाही. न चकाको.

कांदळवनातला चिखल वेगळ्या जातीचा. काळा, लोण्यासारखा, आणि त्याला सडक्या अंड्याचा वास, कारण त्यात हवा शिरत नाही आणि तिथले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात. ओला असताना तो पाण्याच्या दोन फटकाऱ्यांत जातो, सुकला की नखाने खरवडावा लागतो. त्याशिवाय तपकिरी डाग पडतात, ते कांदळाच्या सालीतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचे. कोळी लोक पूर्वी जाळी टिकाऊ करायला झाडांच्या साली उकळून त्यात बुडवत, ते याच गुणामुळे. जे जाळ्याला वरदान, ते आमच्या नारिंगी कयाकला डाग. खायच्या सोड्याची ओलसर लगदी लावून ठेवली की फिका होतो. पूर्ण जात नाही, आणि मी त्याच्या मागेही लागत नाही.

ओहोटीला याच वाटा धोक्याच्या होतात. कांदळाची मुळं पाण्याबाहेर उघडी पडतात आणि त्यांना चिकटलेली कालवं बुडाला लागतात. कालवाच्या शिंपल्याची कड सुरीसारखी धारदार. जांभ्या दगडाचा ओरखडा तिच्यापुढे काहीच नाही. बुडावर लांब चर पडतो आणि चराच्या काठाने प्लास्टिकची बारीक किसाची वेटोळी उभी राहतात. ती तशीच ठेवली तर पुढच्या वेळी पाण्यात तुटून पडतात. धारदार पात्याने, होडीच्या अंगाशी पातं अगदी सपाट धरून, ती अलगद तासायची. खोदायचं नाही. मी खाली जुना चादरीचा तुकडा पसरते, कारण हा कीस वाऱ्याने उडून पुन्हा खाडीतच जायचा. त्याच खाडीत ओहोटीला बायका कोयत्या घेऊन कालवं काढायला गुडघाभर चिखलात उतरतात, आणि कालव जगतं ते पाणी गाळून. आमच्या होडीचा कीस कोणाच्या आमटीत जावा, हे काही मला झेपणारं नाही.

कालवांवरून आठवलं. मोठ्या, कायम पाण्यात उभ्या राहणाऱ्या होड्यांच्या बुडाला बार्नेकल चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. एके काळी त्यात ट्रायब्युटिलटिन नावाचं जालीम रसायन असे. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात सत्तरच्या दशकात कालवांची पैदास ढासळली, शिंपले वेडेवाकडे जाड झाले, आणि मूळ सापडलं ते तिथेच नांगरलेल्या हौशी होड्यांच्या रंगात. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान होड्यांवर त्याला बंदी घातली, जगभराची बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं. कयाकला यातलं काही लागत नाही. एक तर पॉलिथिलीनवर रंग धरतच नाही. दुसरं, वापरून झाली की ती उचलून वर आणायची असते, आणि कोरड्यावर बार्नेकल टिकत नाही.

तरी कोणी आठ-पंधरा दिवस होडी पाण्यातच बांधून ठेवली, की आधी बुळबुळीत थर येतो, मग त्यावर पांढरे ठिपके, म्हणजे बार्नेकल. हा प्राणी शिंपल्यासारखा दिसला तरी खेकडा-कोळंबीचा भाऊबंद. लहानपणी पोहत जागा शोधतो, एकदा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेतो आणि आयुष्यभर पायांनी अन्न ओढत बसतो. डार्विनने याच्या अभ्यासात आठ वर्षं घातली. होडीवाल्याला एवढा वेळ नसतो. त्याने लाकडी उलथन्याने कवच उडवावं, लोखंडी नको. खाली चुन्याची गोल चकती उरते, तिच्यावर व्हिनेगरचं फडकं दाबून ठेवावं. चुना फसफसून विरघळतो, प्लास्टिकला आम्लाने काही होत नाही. इथे मात्र विक्रेत्याचं वाक्य शंभर टक्के खरं.

ठेवण्याचं शास्त्र धुण्याहून महत्त्वाचं, आणि त्याकडेच कोणी बघत नाही. दोन चिऱ्यांवर होडी सपाट ठेवली, की उन्हाळ्यात बुड मऊ होऊन चिऱ्यांच्या आकाराचे दोन खड्डे पडतात. गाडीच्या टपावर करकचून आवळून मालवणहून कोल्हापूरपर्यंत नेली, तरी तेच. आमची मांगरात वाशांना टांगलेली असते, कुशीवर, जुन्या पलंगाच्या रुंद नवारीच्या दोन पट्ट्यांत. दोरी नको, दोरी कापते. कूस सगळ्यात ताठ असते, तिथे वजन पडलं तर आकार टिकतो. बुच्चं काढून ठेवायचं, म्हणजे आतली हवा तापली तरी फुगणार नाही आणि ओल सुकेल. त्या भोकावर मात्र जाळीचा तुकडा बांधावा, नाहीतर कुंभारीण माशी येऊन मातीचं घर बांधते. झाकणाच्या आत हात घालण्याआधी बॅटरी मारायची. कोकणात फुरशाला अंधारी, कोरडी जागा तुमच्याइतकीच आवडते.

निळी ताडपत्री घालू नये. तिच्याखाली होडी शिजते, आणि दुसऱ्या वर्षी ताडपत्रीच्याच चिंध्या अंगणभर होतात. बाहेर ठेवायचीच वेळ आली तर तात्यांचं ऐकावं: माडाच्या विणलेल्या चुडतांची झापं. वारा खेळतो, ऊन अडतं, आणि हंगाम संपला की चुलीत जातात.

खड्डा पडलाच तर घाबरण्याचं कारण नाही. पॉलिथिलीनला आपला मूळ आकार बराचसा आठवत असतो. खड्ड्याची बाजू वर करून तासभर उन्हात ठेवावी (एवढ्यापुरतं ऊन उपयोगी), नाहीतर हंड्यातलं कढत पाणी सावकाश ओतावं आणि आतून हाताने दाब द्यावा. टप् असा आवाज होऊन खड्डा बाहेर येतो. थंड होईपर्यंत आतून उशीचा आधार ठेवायचा.

चीर गेली तर मात्र एपॉक्सीची लगदी, सायकलचं सोल्युशन, चिकटपट्टी या सगळ्या मनाच्या समजुती. पॉलिथिलीनला काही चिकटत नाही. वाळलेला लेप चार दिवसांनी खपलीसारखा अख्खा हातात येतो. ते जोडायचं वितळवूनच, आणि त्याच जातीच्या प्लास्टिकच्या पट्टीने. पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे बंपर जोडणारे कारागीर तालुक्याच्या गावी असतात, त्यांच्याकडे गरम हवेचं यंत्र असतं. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडायला सांगावं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. चीर बहुधा कुठे जाते तेही ठरलेलं. वर बसायच्या कयाकला आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून. हातगाडीचे खुंटे त्याच भोकांत अडकवून होडी ओढत नेतात, सगळं वजन त्या कडांवर येतं. हातगाडी वापरायची तर पट्ट्यांवर होडी पेलणारी घ्यावी, खुंट्यांची नको.

गेल्या सप्टेंबरात तात्यांचा नातू विचारायला आला. त्याला पर्यटकांसाठी कयाक घ्यायच्या होत्या, जुन्या, आणि एका ठिकाणी सात-आठ विकायला होत्या. मी बरोबर गेले. विकणाऱ्याने सगळ्या तेल लावून उभ्या केल्या होत्या, झळाळत होत्या. आम्ही एकेकीचं झाकण उघडून आतला रंग बाहेरच्या रंगाशी ताडून बघितला. आत भडक लाल आणि बाहेर गुलाबी, म्हणजे ऊन किती खाल्लंय ते कळलं. साबणाच्या पाण्याने एक कोपरा पुसून तळहात फिरवला, भुकटी लागते का पाहिली. अंगठ्याने जोरात दाबलं; चांगली होडी दबून परत येते, शिळी होडी करकरते. आरपार भोकांच्या कडा बॅटरी लावून खालून बघितल्या. सातांपैकी पाच तिथेच बाद झाल्या.

उरलेल्या दोन दिसायला सगळ्यात वाईट होत्या. बुडावर ओरखडेच ओरखडे, एकीवर काळ्या मार्करने कोणाचं तरी नाव, पण कुठल्याशा शेडमध्ये खाली दडपून राहिलेल्या, म्हणून उन्हापासून वाचलेल्या. नातवाने त्याच मागितल्या. विकणारा चाट पडला, म्हणाला, "अहो, त्या कशाला, ही घ्या, ही बघा कशी चमकतेय." नातू काही बोलला नाही. बोट फिरवत एकेक ओरखडा दाखवत गेला, आणि निम्म्या किमतीत दोन्ही टेम्पोत चढवल्या.